सराटा, गोखरू आणि लांडगा

दिवाळीला गावी गेलो होतो. गाव बीड जिल्ह्यातलं, अंबाजोगाईच्या जवळचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ शेतातून आला तो पिशवी भरूनच. त्याला मुतखडा झालाय, पाच मिलिमीटरचा. कुणीतरी सांगितलं, गोखरूचा काढा घे, खडा विरघळून जातो. बांधावर गोखरूचं रान माजलेलं. पठ्ठ्यानं बोंडं ओरबाडून आणली आणि पातेलं शोधू लागला.

थोरली काकू ओसरीवर डाळ निवडत बसली होती. तिनं पिशवीत डोकावलं आणि खेकसलीच. "आरं, ह्यो लांडगा हाय! मेंढराच्या लोकरीला चिकटतो त्यो. औषधाचं गोखरू म्हंजी सराटा. आदी वळखाय शीक, मग काढा पी."

पिशवी उकिरड्यावर गेली, आम्ही सगळे हसलो, भाऊ खजील झाला. विषय तिथंच संपला असता. पण परत आल्यावर सहज म्हणून वाचायला बसलो आणि हसू मावळलं. काकूनं त्या दिवशी काय वाचवलं हे आधी तिलाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

आधी ओळख करून देतो, कारण शहरातल्या मंडळींना दोन्ही माहीत नसणार. सराटा जमिनीलगत पसरतो. पानं हरभऱ्यासारखी, फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, नखाएवढं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे. अनवाणी चाललेल्या प्रत्येकाच्या टाचेला आणि सायकलच्या प्रत्येक ट्यूबला ते माहीत आहेत. लांडगा मात्र कमरेएवढा उभा वाढतो. पानं रुंद, खरखरीत. बोंड लांबट आणि अंगभर आकडे, धोतराला लागलं की सुटत नाही. काही ठिकाणी याला शंकेश्वरही म्हणतात. आणि घोटाळा इथंच आहे, कारण मराठवाड्यात कितीतरी गावांत या दुसऱ्यालाही सरळ 'गोखरू' म्हणतात. आमच्या भावाची चूक नव्हती. त्याच्या शेजारचे सगळे त्याला गोखरूच म्हणत होते.

आता सराट्याचा इतिहास बघा. संस्कृतात तो गोक्षुर, म्हणजे गाईच्या खुरांना टोचणारा किंवा कापणारा. दुसरं नाव श्वदंष्ट्रा, कुत्र्याचे दात! नाव ठेवणारा बहुतेक आमच्यासारखाच अनवाणी फिरत असावा. चरकसंहितेत लघवीच्या त्रासावरचं श्रेष्ठ औषध म्हणून त्याचा मान आहे. बाळंतिणीला देतात त्या दशमुळांतलं एक मूळ याचं. गुळवेल, गोखरू आणि आवळा समभाग घेतले की रसायन चूर्ण होतं.

आमचा जिल्हा तसा वैद्यांचाच म्हणायचा. परळीच्या वैजनाथाची आख्यायिका अशी की समुद्रमंथनातून निघालेले धन्वंतरी आणि अमृत विष्णूनं त्या लिंगात लपवले. पण इथं वैद्यांबरोबर हकीमही होते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं आणि निजामाच्या राज्यात युनानीला राजाश्रय होता. हकिमांच्या यादीत हाच सराटा 'खार-ए-खसक' नावानं आहे. खार म्हणजे फारसीत काटा. उपयोग तोच, लघवी आणि खडा.

इथपर्यंत मला फारसं नवल वाटलं नाही. नवल पुढे आहे. हाच काटा चिनी वैद्यकातही आहे, आणि तोही अगदी वरच्या ओळीत. 'शन्नोंग बन्त्साव चिंग' हा चीनचा सगळ्यात जुना औषधी ग्रंथ, हान राजवटीच्या काळातला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात ३६५ औषधं आहेत आणि त्यांच्या तीन प्रती केल्या आहेत, उत्तम, मध्यम, कनिष्ठ. सराट्याचं फळ, तिकडचं नाव 'जीली', उत्तम प्रतीत आहे.

पण उपयोग? तिथं तो लघवीवर नाहीच मुळी! डोकेदुखी, चक्कर, लाल झालेले डोळे, अंगाची खाज यांसाठी तिथले वैद्य जीली देतात. त्यांच्या भाषेत यकृतात उठलेला वारा तो शांत करतो. आपल्याकडे सराटा मधुर आणि थंड, तिकडे कडू, तिखट आणि किंचित उष्ण. झाड तेच, फळ तेच, काटाही तोच. एकानं चाखून थंड म्हटलं, दुसऱ्यानं उष्ण. आपल्या ग्रंथांनी त्याला निर्धोक बलवर्धक मानलं, तर चीनच्या आजच्या सरकारी औषधकोशात त्याच्यापुढे 'किंचित विषारी' असा शेरा आहे.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत. चिनी सैन्य शत्रूच्या घोड्यांच्या वाटेवर चार टोकांचे लोखंडी काटे पसरायचं, त्यांचं नाव जीलीच. आपल्याकडेही तसल्या काट्यांना गोखरू म्हणत. लॅटिनमध्ये त्यांना ट्रायब्युलस म्हणत आणि वनस्पतीशास्त्रात सराट्याचं नावही ट्रायब्युलसच आहे. औषध म्हणून भांडण, हत्यार म्हणून एकी. माणसाचं असंच असतं.

आता लांडग्याकडे येऊ. तोही चिनी औषध आहे! त्याच जुन्या ग्रंथात, मध्यम प्रतीत. आजचं नाव 'त्सांग-अर-त्स'. चोंदलेलं नाक आणि सर्दीची डोकेदुखी यावर देतात. पण चिनी वैद्य ती बोंडं काटे जाईपर्यंत भाजतात, मोजूनमापून देतात, आणि औषधकोशात शेरा स्पष्ट आहे : विषारी. 'किंचित' हा शब्दही नाही. त्यातलं विष यकृतावर जातं आणि रक्तातली साखर एकदम खाली आणतं. ते बियांत असतं आणि नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपांतही असतं. असली रोपं खाऊन वासरं, डुकरं मेल्याच्या नोंदी बऱ्याच देशांत आहेत.

आणि माणसंही. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशच्या सिल्हेट भागात पुरानंतर अन्नाची टंचाई होती. भाजीपाला महाग झालेला. लोकांनी उगवून आलेली लांडग्याची रोपं खुडून भाजी केली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ गेले.

हे वाचलं आणि मी थांबलो. कारण पावसाळ्यात आपल्याकडे सराट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. रानभाज्यांची हौस आता शहरातही आली आहे. उद्या कुणी नुसतं 'गोखरूची भाजी' असं वाचलं आणि बांधावरून कोवळं 'गोखरू' खुडून आणलं तर? नाव बरोबर आणि झाड चूक. शेतात काकू असेलच असं नाही.

बरं, खरा सराटा तरी खडा विरघळवतो का? उंदरांवरच्या प्रयोगांत खड्याचे स्फटिक कमी झालेले दिसले आहेत. माणसांवर खात्रीनं सांगावं असा भक्कम पुरावा नाही. शक्तिवर्धक म्हणून त्याच्या गोळ्या जगभर विकल्या जातात. बल्गेरियानं १९८० च्या दशकात त्याचं औषध काढलं आणि वजन उचलणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. पण पुरुषांवर केलेल्या चाचण्यांत त्या संप्रेरकाची वाढ काही दिसली नाही. उलट इराणमधल्या एका तरुणाची हकीकत २०१० साली प्रसिद्ध झाली. खडा होऊ नये म्हणून तो दोन दिवस सराट्याचं पाणी लिटरनं प्यायला आणि यकृत, मूत्रपिंड दोन्हींना इजा करून घेऊन दवाखान्यात पोचला.

याचा अर्थ चरक चुकले असा मी काढत नाही. चरकांचा वैद्य झाड ओळखत होता, रोगी बघत होता, मात्रा ठरवत होता. आपण त्यातलं फक्त नाव उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. गुण झाडात असतो हे खरं, पण तो आपल्यापर्यंत येतो ओळखीतून. चिनी वैद्यानं लांडगा भाजायला शिकवलं, काकूच्या सासूनं तिला तो टाकून द्यायला शिकवलं. दोन्ही शहाणपणच.

चुलतभावाचं काय झालं? डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, खडा लहान आहे, भरपूर पाणी पी, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच ये. एवढे लहान खडे तीनातले दोन आपोआप पडतात म्हणे. याचाही तीन आठवड्यांनी पडला. फोनवर तो म्हणाला, "दादा, बरं झालं काढा घेतला नाही." मी म्हटलं, बरं झालंच. सराट्याचा घेतला असतास तर आयुष्यभर श्रेय काढ्याला दिलं असतंस आणि गावभर सांगत सुटला असतास. लांडग्याचा घेतला असतास तर सांगायला कोण राहिलं असतं?

काकूला हे सगळं वाचून दाखवलं, चीन, बांगलादेश, सगळं. ती म्हणाली, "एवढं वाचाय कशाला पायजे? पायात मोडलेला काटा माणूस इसरतो व्हय?"

तुमच्या गावात सराट्याला आणि लांडग्याला काय म्हणतात? घरातल्या जाणत्या बाईला विचारून ठेवा. ती आहे तोवर.