डिस्कची ओळख कशावरून: जागेवरून की नावावरून?

१८७५ साली कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा सरकारी परीक्षेसाठी घाट चढून पायी सातारा गाठतो. वयाची १७ वर्षे पूर्ण असणे आवश्यक. ती झालेली असतात. परंतु परीक्षा घेणाऱ्यांना तो तेवढा वाटत नाही आणि त्याला परत पाठवले जाते. हा मुलगा म्हणजे पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे. खरे वय एक, दिसणे दुसरे. असाच पेच संगणकाच्या इतिहासातही आहे, आणि तेथे त्याची किंमत कधी कधी अख्ख्या डिस्कने मोजावी लागली.

मार्च १९८३. आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आला. सोबत डॉस २.०. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत विभागांचा तक्ता असे: १६ बाइटांच्या चार नोंदी. विभाग कोठे सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच त्यात मावे. नावासाठी एकही बाइट राखलेला नव्हता.

१९९१ मध्ये आलेल्या लिनक्सने हाच तक्ता स्वीकारला. आयडीई डिस्कला नाव मिळे ते केबलवरील जागेवरून: पहिली ‘एचडीए’, दुसरी ‘एचडीबी’. स्कझी डिस्कला मात्र ती सापडेल त्या क्रमाने: ‘एसडीए’, ‘एसडीबी’. मध्ये एखादी डिस्क वाढली की पुढच्या साऱ्यांची नावे सरकत. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये आयडीई डिस्कही ‘एसडी’ कुळात आल्या आणि जुन्या फायलींतील ‘एचडीए’ निरर्थक झाले.

माणूस समोर असेल तर तो डिस्कचा आकार पाहून निवड करतो. रेड हॅटच्या ‘किकस्टार्ट’ पद्धतीत मात्र सगळी उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची असतात. येथे ‘लेबल’ या शब्दाचे दोन अर्थ घोळ घालतात. एक, विभागाला दिलेले नाव. दुसरा, जुन्या युनिक्स परंपरेतला, म्हणजे खुद्द विभागांचा तक्ता. कोऱ्या डिस्कवर तक्ताच नसतो. इन्स्टॉलर थांबतो, ‘नवा तक्ता लिहू का?’ असे विचारतो, आणि कुलूपबंद सर्व्हर-खोलीत उत्तर द्यायला कोणी नसते. त्यासाठी ‘झीरोएमबीआर’ ही आज्ञा आली, आणि ‘क्लिअरपार्ट’ला ‘इनिटलेबल’ची जोड मिळाली. पण विचारणेच बंद केल्यावर धोका वाढतो. सर्व विभाग पुसण्याची आज्ञा जोडलेल्या प्रत्येक डिस्कला लागू होते. त्या दिवशी ‘एसडीए’ हे नाव भलत्याच डिस्कला मिळाले, तर तिच्यावरचा विदा गेला. म्हणून ‘इग्नोरडिस्क’ने एकच डिस्क नेमून द्यायची, आणि तीही शक्यतो अनुक्रमांकावर आधारलेल्या कायम ओळखीने.

नाव देण्याचा उपायही निर्धोक नव्हता. रेड हॅटचा इन्स्टॉलर मूळ विभागाला ‘/’ हेच लेबल देई. जुन्या यंत्रातली डिस्क नव्यात जोडली की एकाच नावाचे दोन विभाग समोरासमोर येत. गावात एकाच नावाचे दोघे असले की टपालाचे जे होते, तेच येथे.

मग १२८ बिटांचा यूयूआयडी रुळला. २.२ टीबीची मर्यादा ओलांडण्यासाठी आलेल्या जीपीटी तक्त्याने तर प्रत्येक विभागाला स्वतंत्र क्रमांक आणि ३६ वर्णसंकेतांचे नावही दिले. एक्स्ट४ चे लेबल अजून १६ बाइटांचेच आहे, आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण वा मात्रा यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. ‘मुरुड’ १५ बाइटांत बसते. ‘दापोली’ १८ मागते, म्हणजे तालुक्याला जागा नाही!

यूयूआयडीनेही सारे मिटले नाही. एका डिस्कची हुबेहूब प्रत काढून दुसऱ्या यंत्रांत घातली की क्रमांकही हुबेहूब उतरतो. अशी जुळी प्रत मूळ डिस्कशेजारी जोडली, तर एक्सएफएस फाइलप्रणाली दुसरीला माउंट करण्यास साफ नकार देते.