एकास बारा : एका उताराचा इतिहास

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत काही वर्षांपूर्वी एक ठराव मंजूर झाला : 'प्रवेशद्वारापाशी रॅम्प असावा.' विरोध कुणाचाच नव्हता. कंत्राटदार आला आणि दोन दिवसांत पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार तयार झाला. पायऱ्या तीन, प्रत्येक सहा इंचांची. म्हणजे चढ दीड फुटाचा. रॅम्पची लांबी मात्र साडेचार फूट. पक्षाघातानंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या तळमजल्यावरच्या आजोबांना त्यावरून एकट्याने एकदाही ये-जा करता आली नाही. स्कूटर मात्र त्यावरून छान चढतात.

दीड फूट चढाला साडेचार फूट लांबी, म्हणजे उतार एकास तीन झाला. नियमाच्या पुस्तकातले प्रमाण आहे एकास बारा : एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी. माणूस आणि खुर्ची यांचे मिळून वजन ऐंशी किलो धरले, तर एकास बाराच्या उतारावर साडेसहा किलोच्या आसपास जोर लावून खुर्ची वर ढकलता येते. एकास तीनवर हाच जोर पंचवीस किलोंवर जातो आणि खुर्ची मागे उलटण्याची भीती असते ती वेगळीच. दंडात बऱ्यापैकी बळ असलेल्या माणसालाही ते जमणारे नाही.

हा आकडा आला कुठून, याचा शोध घेताना एक गोष्ट ध्यानात आली. आकडा सापडायला फार वेळ लागला नव्हता. वेळ लागला तो 'असावा' या क्रियापदाचे 'असलाच पाहिजे' व्हायला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीच्या कण्याला इजा झालेले हजारो सैनिक अमेरिकेत परतले. पूर्वी अशा जखमींपैकी बहुतेक जण फार काळ जगत नसत. आता प्रतिजैविकांमुळे ते जगू लागले. शिक्षणाचा खर्च सरकार देत होते, पण महाविद्यालयाच्या दारात पायऱ्या होत्या. 1948 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग येथील शाखेत टिमोथी न्यूजंट या तरुणाने अपंग विद्यार्थ्यांसाठी शिक्षणक्रम सुरू केला. ही शाखा पूर्वीच्या लष्करी रुग्णालयात भरत असल्याने ती इमारत खुर्च्यांना सोयीची होती. वर्षभरात शाखाच बंद करण्याचा निर्णय झाला. विद्यार्थी खुर्च्यांसह राज्याच्या राजधानीत निदर्शने करायला गेले. निर्णय बदलला नाही, पण न्यूजंट यांनी शिक्षणक्रम विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवला आणि तिथल्या इमारतींना उतार जोडायला सुरुवात केली.

पुढे राष्ट्रीय मानक तयार करायचे ठरले, तेव्हा संशोधनाची सूत्रे न्यूजंट यांच्याकडेच आली. उताराची चढण, दाराची रुंदी, खुर्ची वळायला लागणारी जागा यांची मापे खुर्चीत बसणाऱ्या माणसांच्या प्रत्यक्ष हालचालींवरून घेतली गेली. 1961 च्या ऑक्टोबरात 'ए 117.1' हे मानक प्रसिद्ध झाले. अवघ्या काही पानांच्या त्या पुस्तिकेत उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा, असे नमूद होते. जगातले या विषयावरचे हे पहिले राष्ट्रीय मानक मानले जाते.

पण ते ऐच्छिक होते. वास्तुविशारदाला वाटले तर त्याने पाळावे. 1968 मध्ये केंद्र सरकारच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतींसाठी अमेरिकेत कायदा झाला. 1973 च्या पुनर्वसन कायद्यात कलम 504 आले : सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगत्वाच्या कारणावरून कुणालाही वगळता येणार नाही. कलम झाले, पण ते अमलात आणणारे नियम कुणी जारी करीना. एक सरकार गेले, दुसरे आले, तरी कागद सहीविना पडून राहिला.

5 एप्रिल 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्रीय कार्यालयात शंभराहून अधिक अपंग माणसे शिरली आणि तिथेच बसून राहिली. ज्युडी ह्यूमन आणि किटी कोन या त्यांच्या नेत्या होत्या. यातल्या कित्येकांना रात्री कूस बदलायलाही मदतनीस लागे. औषधे, नळ्या, विशेष गाद्या, सगळे घरी राहिले होते. इमारतीचे फोन तोडले गेले, तेव्हा आतल्या कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवले. 'ब्लॅक पँथर' संघटनेचे कार्यकर्ते रोज जेवण आणून देत. अखेर 28 एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. त्या नियमांनी बांधकामासाठी कसोटी म्हणून ज्या मानकाचे नाव घेतले, ते होते 1961 चे 'ए 117.1'. न्यूजंट यांच्या मापांमागे कायद्याचे असे बळ यायला सोळा वर्षे लागली. खासगी दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे यांच्यापर्यंत ते पोचायला 1990 चा कायदा यावा लागला.

आपल्याकडची कथा याच वळणाने गेली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प देण्याची तरतूद होती, पण तिला एक शेपूट जोडलेले होते : आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत. या एका पुस्तीमुळे ज्याला करायचे नव्हते त्याला पळवाट मिळाली.

क्षमता खरोखर नव्हती का? 2001 च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी आले आणि नंतर दिल्लीला गेले. त्यांना तिथली ऐतिहासिक स्मारके पाहायची होती. स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने लाकडी रॅम्प बसवले. पैसा आणि कारागीर तेव्हा मिळाले. फरक एवढाच, की येणारा पाहुणा जगप्रसिद्ध होता. पाहुण्यासाठी केलेली सोय पाहुण्याबरोबर जाते; रोज येणाऱ्याला हक्कच लागतो.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातून ते शेपूट गळाले. मानके पाळल्याशिवाय बांधकाम आराखड्याला परवानगी नाही, जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत, उल्लंघन केल्यास दंड, अशी त्याची भाषा सक्तीची होती. पण 2017 च्या नियमांपैकी पंधराव्या नियमाने बोट दाखवले ते मार्गदर्शक तत्त्वांकडे. त्यांत एकास बाराही होते, दाराची रुंदीही होती. पण बरेचसे शिफारशीच्या सुरात. कायद्याने दिलेले 'पाहिजे' नियमांच्या आडवाटेने पुन्हा 'असावे'वर आले.

हा पेच सोडवला तो एका जुन्या खटल्याने. राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. 2017 मध्ये न्यायालयाने तीत अनेक निर्देश दिले, पण अंमलबजावणी रखडली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पंधराव्या नियमातील हा भाग मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. सुगम्यता टप्प्याटप्प्याने वाढत जाईल हे न्यायालयाने मान्य केले, पण किमान पातळी वाटाघाटीचा विषय असू शकत नाही, असे बजावून बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारला सांगितले.

मराठी व्याकरणात 'असावा' हे विध्यर्थी रूप. त्यात कर्तव्य असते, तशीच इच्छा आणि शक्यताही असते. सभेच्या इतिवृत्तात ते शोभून दिसते, कारण ते कुणालाच दुखावत नाही. आमच्या सोसायटीने रॅम्पला नाही म्हटले नव्हते. आपण एक चांगले काम केले, असेच सगळ्यांना वाटत होते. लांबी किती आणि ती कोण मोजणार, हे तेवढे ठरावात नव्हते.

यंदाच्या सभेपूर्वी मी टेप घेऊन दारातली जागा मोजली. दीड फुटाला एकास बारा म्हणजे अठरा फूट. सरळ रेषेत तेवढी जागा नाही. पण भिंतीलगत नऊ फूट, मग वळायला सपाट चौथरा आणि परत नऊ फूट, असे ते बसते. दोन स्कूटरची जागा त्यात जाते. या वेळच्या ठरावात मी मापे लिहून दिली आहेत आणि क्रियापदही बदलले आहे.