प्रोटीन स्किमर घेताय? आधी हे वाचा

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी कोणता स्किमर घ्यायचा, हे आज मी सोप्या भाषेत सांगतो.

स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून विरघळलेली घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमते. म्हणजे ती कुजून नायट्रेट होण्याआधीच बाहेर! गोड्या पाण्यात असा फेस टिकत नाही.

१. लिटर काढा: लांबी × रुंदी × उंची (सेंमी) ÷ १०००. ९० × ४५ × ४५ चा टँक म्हणजे साधारण १८२ लिटर. संपमधलं पाणीही धरा.

२. बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेक वेळा कमी मासे गृहीत धरून दिलेला असतो. मासे जास्त असतील तर ‘हेवी बायोलोड’चा आकडा बघा. पण फार मोठाही नको. घाण कमी पडली की फेस कपापर्यंत चढत नाही.

३. संप असेल तर इन-संप, नसेल तर हँग-ऑन. इन-संपला पाण्याची पातळी स्थिर लागते.

४. बाहेरच्या देशातून मागवताय? पंप २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे ना, बघा.

टँक ८० लिटरच्या आत असेल तर मी स्किमर सुचवत नाही. दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदललं तरी भागतं.

आणि हो, लाइट गेली की स्किमर बंद पडतो, पाण्यातला ऑक्सिजनही घटतो. त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, स्किमर नंतर.