नव्या मागच्या चाकावर कॅसेट बसविताना : १.८५ मिलिमीटरचा हिशोब

अमेरिकेत सायकलचे मागचे चाक स्वतंत्रपणे मागविले, तर ते बहुधा रिकामेच घरी येते. टायर, ट्यूब आणि दातेरी चक्रांचा संच, म्हणजेच कॅसेट, ग्राहकालाच बसवावी लागते. हे काम फार तर अर्ध्या तासाचे. मात्र त्यात एका पातळ कड्याची चूक झाली, तर चक्रे सैल राहतात, गिअर जागेवर पडत नाहीत आणि क्वचित प्रसंगी साखळी थेट स्पोकमध्ये शिरून धावते चाक अडवू शकते.

फ्रीव्हील आणि कॅसेट यांतील फरक

पुण्या-नाशिकात सायकलवर शाळेत गेलेल्या पिढीला फ्रीव्हील परिचित आहे. ते हबवरील आट्यांवर फिरवून बसविले जाते आणि पायडल मारल्याने आपोआप घट्ट होते. कॅसेटचे तसे नाही. येथे रॅचेट हबमध्येच असते. त्यावरील खाचांच्या नळकांड्याला फ्रीहब बॉडी म्हणतात. चक्रे त्या खाचांत सरकतात आणि बाहेरून लॉकरिंग नावाचे आट्यांचे कडे त्यांना दाबून धरते. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये ही रचना बाजारात रुळविली. तिच्यामुळे उजवीकडील बेअरिंग आसाच्या टोकाजवळ नेता आले आणि आस वाकण्याचे प्रमाण घटले.

पायडलचा जोर खाचा पेलतात. लॉकरिंगचे काम केवळ दाबून धरण्याचे. म्हणूनच कॅसेट आणि बॉडी यांच्या लांबीचा मेळ नेमका बसावा लागतो.

प्रथम बॉडी ओळखावी

कॅसेटवर कोणत्या कंपनीचे नाव आहे, यावरून बॉडी ठरत नाही. सध्या पुढील प्रकार प्रामुख्याने आढळतात :

- हायपरग्लाइड (एचजी) : सर्वाधिक प्रचलित. ८, ९ व १० स्पीडसाठी एक लांबी. ११-स्पीड रोड सायकलींसाठी १.८५ मिलिमीटरने अधिक लांबी. शिमानोच्या १२-स्पीड रोड कॅसेटही या लांब बॉडीवर बसतात.
- एक्सडी : शिकागोच्या स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये आणलेली, १० दातांच्या चक्रासाठीची बॉडी. रोडसाठीची एक्सडीआर तिच्यापेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब. स्रॅमच्याच काही स्वस्त १२-स्पीड कॅसेट मात्र एचजीवर बसतात.
- मायक्रो स्प्लाइन : शिमानोची २०१८ पासूनची, १२-स्पीड माउंटन सायकलींसाठीची बारीक खाचांची बॉडी.
- कॅम्पाग्नोलो : या इटालियन कंपनीच्या खाचा स्वतंत्र आहेत.

प्रकार जुळत नसेल, तर जोर लावून उपयोग नाही. अनेक हबांची बॉडी बदलता येते. चाक परत पाठविण्यापूर्वी ती सोय तपासावी.

कडे केव्हा घालावे?

जुन्या सायकलीवर नवे चाक घेणाऱ्यांची गफलत येथेच होते. आजची बहुतेक रोड चाके लांब बॉडीची असतात; त्यावर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट चढवायची, तर तिच्या मागे १.८५ मिलिमीटरचे कडे आधी सरकवावे लागते. शिमानोच्या बहुतेक १०-स्पीड रोड कॅसेटना त्याशिवाय १ मिलिमीटरचे आणखी एक कडे लागते. ते कॅसेटच्या खोक्यातच मिळते आणि अनेकदा वेष्टनाबरोबर कचऱ्यात जाते. ११-स्पीड रोड कॅसेट लांब बॉडीवर कोणत्याही कड्याशिवाय बसते.

बसविण्याची पद्धत

१. बॉडी फडक्याने पुसून ग्रीसचा पातळ हात द्यावा.

२. आवश्यक ते कडे घालावे. मग सर्वांत मोठे चक्र आत, अक्षरे व अंक बाहेर, अशा क्रमाने चक्रे सरकवावीत. एचजी बॉडीवरील एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते. ती जुळली की चक्रे अलगद बसतात. सुट्या चक्रांमधील कड्यांचा क्रम बदलू नये.

३. लॉकरिंगच्या आट्यांना ग्रीस लावून ते प्रथम हातानेच फिरवावे. आटे तिरके धरले, तर बॉडी निकामी होऊ शकते.

४. लॉकरिंगच्या खास पान्याने ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ३० फूट-पौंड, इतके आवळावे. शेवटी होणारा करकर आवाज लॉकरिंगखालील दातऱ्यांचा असतो. त्याने घाबरू नये. आवळताना रॅचेट स्वतःच बॉडी धरून ठेवते. साखळीची दांडी केवळ कॅसेट काढताना लागते.

एक्सडी कॅसेट मात्र एकसंध असते आणि स्वतःच्या आट्यांवरच घट्ट होते.

टॉर्क पाना घरी नसल्यास अमेरिकेत मोटारींचे सुटे भाग विकणारी काही साखळी दुकाने तो अनामत रकमेवर वापरायला देतात. अनेक शहरांतील सामुदायिक सायकल कार्यशाळांत लॉकरिंगचा पानाही मिळतो.

चूक कशी ओळखावी?

लॉकरिंग पूर्ण आवळूनही मोठे चक्र हाताने हलत असेल, तर कडे राहून गेले आहे. लॉकरिंगचे आटे पकडतच नसतील, तर कडे जास्त झाले आहे किंवा सर्वांत लहान चक्र खाचेत नीट बसलेले नाही. दोन्ही प्रसंगी अधिक जोर न लावता संच उतरवून पुन्हा बसवावा.

शेवटची तपासणी

नव्या हबवर कॅसेटची जागा जुन्या चाकापेक्षा किंचित आत-बाहेर असू शकते. त्यामुळे मागचा डिरेलर पुन्हा जुळविणे आवश्यक ठरते. सायकल स्टँडवर ठेवून, पायडल हाताने फिरवीत साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर न्यावी. डिरेलरचा पिंजरा स्पोकना लागत असेल किंवा साखळी चक्राच्या आत उतरू पाहत असेल, तर 'एल' अक्षराचा मर्यादा-स्क्रू आवळावा.

या धोक्याची दखल अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नियमांतही आहे. डिरेलरच्या बिघाडाने साखळी चाकात अडकू नये, यासाठी संरक्षक भाग असावा, अशी त्यांत तरतूद आहे. नव्या सायकलींच्या मागच्या चाकावर दिसणारी प्लॅस्टिकची तबकडी त्यासाठीच असते. सुटे विकले जाणारे चाक बहुधा या तबकडीविना येते. तेव्हा साखळीला आत जाण्यापासून रोखणारा तो एकच स्क्रू उरतो आणि चढावर पहिला गिअर टाकण्यापूर्वी तो तपासलेला असावा.