शिलेदाराचा घोडा, शर्यतीचा बैल

वेगासाठी नावाजलेले, पण आधी दुसऱ्याच्या दावणीला राहिलेले जनावर विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न बीड जिल्ह्यात मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून विचारला गेला आहे. त्याचा इतिहास पाहताना जनावराच्या परीक्षेची शास्त्रे, शुभाशुभ लक्षणे आणि दलालांच्या चतुराईच्या कथा प्रथम डोळ्यांत भरतात. तथापि खरेदीचा निर्णय त्यांच्यावर जितका अवलंबून होता, त्याहून अधिक तो दुसऱ्याच एका गोष्टीवर अवलंबून होता, ती म्हणजे जनावर मेले, लंगडले किंवा म्हातारे झाले तर त्याचे नुकसान कोणाच्या पदरात पडणार. या नुकसानीची सोय ज्या ज्या काळी बदलली, त्या त्या काळी खरेदीची रीतही बदलली.

बालाघाटच्या डोंगररांगेने दुभागलेला हा मुलूख उत्तरेस गोदावरीपर्यंत उतरतो. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावून पूर्वेकडे जाते, तर आष्टीच्या बाजूचे पाणी सीनेतून भीमेला मिळते. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत वाढलेले भीमथडी तट्टू, म्हणजे दख्खनी जातीचे बुटके पण चिवट घोडे, मराठी फौजांच्या हालचालींचा कणा होते, आणि जिल्ह्याचा पश्चिम भाग या टापूला लागूनच आहे. मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा आणि पगारही अधिक असे. पण घोडा पडला तर त्याच्याबरोबर त्याची नोकरीही धोक्यात येई, कारण घोडा हेच त्याचे भांडवल होते. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याला, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, निजाम आणि मराठे समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही फौजांत अशा स्वतःच्या घोड्यावर बसलेल्या स्वारांचा भरणा होता. आपला घोडा वाचवण्याची शिलेदाराची काळजी आणि सेनापतीची हल्ला चढवण्याची घाई यांचा मेळ नेहमीच बसत असेल असे मानण्याचे कारण नाही.

शिलेदारीची ही पद्धत मराठी सत्तेबरोबर संपली नाही. निजामाच्या राज्यात, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली उभारलेल्या फौजेला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. 1853 च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे सोपवण्यात आला. या फौजेच्या घोडदळाची एक छावणी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होती. तेथील रिसाल्यांची रचना शिलेदारी पद्धतीची होती, म्हणजे घोडा, खोगीर आणि बहुतेक सरंजाम स्वाराचा स्वतःचा असे आणि सरकार त्याला त्या मानाने अधिक पगार देत असे. साधारणपणे दोन स्वारांमागे गवत कापून आणणारा एक नोकर आणि ओझ्यासाठी एक तट्टू ठेवण्याचा प्रघात होता. त्यामुळे छावणी जेथे असे तेथील कुरणे, गवताचे भाव आणि तट्टांचा व्यापार यांच्याशी स्वाराचा संसार बांधलेला राही.

या पद्धतीत वापरलेल्या घोड्याची खरेदी ही केवळ घोड्याची खरेदी नव्हती. रिसाल्यातील स्वाराच्या जागेला असामी म्हणत. नोकरी सोडणाऱ्या स्वाराची असामी, म्हणजे त्याचा घोडा, सामान आणि जागेवरचा हक्क, नवा उमेदवार ठरलेल्या रकमेस घेई, आणि स्वतः नोकरी सोडताना तीच रक्कम त्याला परत मिळण्याची अपेक्षा असे. घोडा किती वर्षांचा आहे, त्याचे पाय कसे आहेत, हे पाहिले जाईच, तथापि एकट्या खरेदीदारावर सारा भार पडू नये म्हणून चंदा नावाचा निधी असे. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा काही रक्कम त्यात जमा होई आणि घोडा मेला किंवा नाकाम ठरला की नवा घोडा घेण्यास त्यातून साहाय्य मिळे. विमा हा शब्द छावणीच्या बाजारात रुळण्यापूर्वीच विम्याचे तत्त्व तेथे चालू होते. त्यामुळेच, ज्याच्या घरी एका घोड्याइतकेही मोकळे धन नव्हते अशा कुटुंबातील तरुणाला कर्ज काढून का होईना, पण घोडेस्वार होण्याचा विचार करता येत असे.

घोड्याच्या परीक्षेबद्दल प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्र याच्या नावावर मोडणारी ग्रंथपरंपरा आणि तोंडी चालत आलेले ज्ञान एकमेकांत मिसळलेले होते. अंगावरील केसांच्या भोवऱ्यांना फार महत्त्व दिले जाई. गळ्यावरचा देवमणी शुभ मानत आणि काही भोवऱ्यांमुळे चांगला घोडाही स्वस्तात जाई. भोवऱ्याने घोड्याचा वेग बदलत नाही, पण पुढे विकताना मिळणारी किंमत मात्र खरोखर बदलते, हे जाणणारा खरेदीदार अंधश्रद्धाळू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1903 मध्ये कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपून तिची पथके हिंदुस्थानच्या सैन्यात सामील झाली. पहिल्या महायुद्धात घोड्यांची आणि सरंजामाची झीज इतकी प्रचंड झाली की स्वाराने आपली भरपाई आपण करावी ही व्यवस्था कोलमडली, आणि युद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी बंद झाली.

यानंतर बीडच्या खेड्यांत वेग आणि प्रतिष्ठा यांचे जनावर म्हणून बैलच उरला, अर्थात तो आधीही होताच. मराठवाड्यात आणि विदर्भात बैलजोडीच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी ठरावीक अंतर किती वेळात कापते यावर तिचा निकाल लागतो. शर्यतीसाठी माणदेशाकडील खिल्लार बैल विशेष पसंत केला जातो, कारण तो अंगाने सडपातळ, पायाने चपळ आणि स्वभावाने तापट असतो. उलट मराठवाड्यातील देवणी आणि लाल कंधारी या जाती शेतकामाला उपयुक्त आणि तुलनेने शांत आहेत. सामान्य शेतकऱ्याला दोन जोड्या पोसणे शक्य नसे, म्हणून आठवडाभर नांगर किंवा गाडी ओढणारी जोडीच जत्रेच्या दिवशी पटावर उतरत असे. हौसेला मोल नाही असे म्हणतात, पण या व्यवस्थेत हौसेचा चारा कामाच्या हिशेबातूनच निघत होता.

नेकनूर आणि हिरापूर येथील बैलबाजारांत वापरलेल्या बैलाची परीक्षा ज्या क्रमाने होते तो क्रम विचारपूर्वक बसवलेला दिसतो. प्रथम दात पाहतात. दुधाचे दात असलेला खोंड अदत, समोरच्या कायमच्या दातांची पहिली जोडी आलेला दुसा, दुसरी आलेला चौसा, त्यानंतर सहादाती, आणि साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही दात आले की बैल जुळला असे म्हणतात. जुन्या मोटारीच्या किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो तसे हे दात मागे फिरवता येत नाहीत. परंतु बैल एकदा जुळला की पुढचे वय केवळ दातांच्या झिजेवरून ताडावे लागते, आणि विकणाऱ्याच्या शब्दाला किंमत येते ती तेथूनच. दातांनंतर खांदा पाहतात, कारण जुवाखाली वारंवार सुजलेला खांदा वरून बरा दिसला तरी ओझे पडताच पुन्हा धरतो. मग खुरे, गुडघे आणि चाल पाहतात. बैल जुवाच्या डाव्या बाजूस चालतो की उजव्या, मारका आहे का, भर कामात खाली बसण्याची खोड आहे का, हे विचारतात. यातील खोडींचा भाग बाजारात कळत नाही. म्हणूनच ओळखीच्या गावचा बैल थोडा महाग पडला तरी घ्यावा, असा जाणत्यांचा कल असतो. भाव ठरवताना दलाल रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी आकडा सांगतो. त्यामुळे बघ्यांना किंमत कळत नाही आणि सौदा मोडला तरी कोणाची शोभा होत नाही. आकडा जुळला की इसार, म्हणजे व्यवहार पक्का करणारी आगाऊ रक्कम, दिली जाते.

पुढे ऊसतोडीने या बाजाराला वेगळे वळण दिले. 1972 च्या दुष्काळानंतर पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या मजुरांचा ओघ वाढत गेला, आणि धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या भागांतील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गाव सोडू लागली. डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणारे मजूर आणि स्वतःची बैलजोडी घेऊन टायरगाडीने ऊस ओढणारे मजूर असे त्यांचे प्रकार पडले. टायरगाडी म्हणजे हवेची चाके असलेली, बहुधा कारखान्याकडून भाड्याने मिळणारी गाडी. बैल मात्र मजुराचे. ते घेण्यासाठी मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ मजुरी, खर्ची पडे. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई असल्याने त्यांतील अनेक जोड्या पुन्हा बाजारात येत. हंगामाच्या मध्यावर बैल मेला तर उचलीचे कर्ज पुढच्या हंगामावर जाई. असामी आणि उचल या दोन्हींत कर्जाने जनावर घेऊन चाकरी करणे आहे. परंतु रिसाल्यातील चंद्यासारखी तोट्याची वाटणी करणारी सोय मजुराला कोणी दिली नाही, हा फरक लहान नाही.

अशा परिस्थितीत वापरलेल्या बैलाच्या किमतीला खालून आधार देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे थकलेल्या बैलालाही मिळणारे गिऱ्हाईक. 1976 च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येवर बंदी घातली होती, पण कामास निरुपयोगी ठरलेल्या बैलाच्या कत्तलीस दाखला घेऊन परवानगी होती. 4 मार्च 2015 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांनाही बंदीच्या कक्षेत आणले. या कायद्याच्या धार्मिक आणि नैतिक बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बाजाराच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा झाला की शेवटचा खरेदीदार कायद्याने नाहीसा झाला आणि जुळलेला बैल घेणाऱ्याला त्याच्या म्हातारपणाचा खर्चही विकत घ्यावा लागला. त्याच काळात ट्रॅक्टर नांगरटीपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे मधले गिऱ्हाईकही कमी होत गेले.

शर्यतीच्या बैलाची वाट न्यायालयांतून गेली. 11 जुलै 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बेकायदा ठरवल्या. 2017 मध्ये शर्यतींना मुभा देण्यासाठी राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण तिला मुंबई उच्च न्यायालयात अडथळा आला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते, आणि धावेचे अंतर 1000 मीटरच्या आत ठेवावे लागते. बंदीच्या सात वर्षांत ज्यांनी शर्यतीचे बैल विकले त्यांना किंमत कामाच्या बैलाची मिळाली, कारण वेग कायदेशीरपणे दाखवण्याची जागाच उरली नव्हती. बंदी उठताच नावाजलेल्या बैलांचे भाव लाखांच्या भाषेत बोलले जाऊ लागले.

या नव्या बैलाला नांगर माहीत नाही. त्याचा खुराक आणि त्याची निगा यांचा भार कोणत्याही मशागतीवर टाकता येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी तो भागीदारीत घेतला जातो. खरेदीपूर्वी दात, खांदा आणि चाल पाहण्याची रीत तशीच आहे, त्यात मोबाइलवरच्या जुन्या शर्यतींच्या चित्रफितींची भर पडली आहे. चित्रफितीत बैल किती वेळात किती पळाला हे दिसते. तो पळेनासा झाल्यावर कोणाच्या गोठ्यात उभा राहील, हे मात्र भागीदारांना इसार देण्यापूर्वी आपसांत ठरवावे लागते.