खेळ, क्रीडा आणि हंडी

मराठीत नाटकाचा खेळ होतो, डोंबाऱ्याचा खेळ होतो, मंगळागौरीचे खेळ रात्रभर रंगतात, आणि कोकणात शिमग्याला ‘खेळे’ निघतात. या सर्वांत समान असे काय? विट्गेनश्टाइनच्या मरणोत्तर ग्रंथातील (1953) उत्तर असे, की समान गाभा शोधूच नये. एका कुळातील माणसे कुणी नाकाने, कुणी चालीने एकमेकांशी जुळतात, तसेच खेळांचे. बर्नार्ड सूट्सला हे पटले नाही. अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते ओलांडू पाहणे म्हणजे खेळ, अशी व्याख्या त्याने 1978 साली मांडली.

वर्सोवा-जोगेश्वरीच्या परिसरात गोपाळकाल्याला ही व्याख्या रस्त्यावरच उभी राहते. हंडी दोर सैल करून खाली घेता येते, शिडीने गाठता येते; तरी माणसांच्या खांद्यांवर माणसे चढतात. जोगेश्वरीच्या गोविंदांनी 2012 साली ठाण्यात नऊ थर रचले.

पण हा खेळ, की उत्सव? हा प्रश्न अखेर कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालील मुलांना थरांत मनाई केली. 2015 साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकार ठरवले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने वीस फूट कायम ठेवले. 2017 साली मात्र उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्यास नकार दिला, आणि चौदा वर्षांखालील मुले थरांत नसतील, अशी हमी सरकारने दिली. 2022 साली तिला अधिकृत खेळाचा दर्जा जाहीर झाला. सोबत खेळाडूंसाठीच्या नोकऱ्यांतील आरक्षणही.

या वादात सारी चर्चा फुटांची झाली. वास्तविक सूट्सच्या व्याख्येतील कळीचा शब्द ‘स्वेच्छेने’ हा आहे. अडथळा अनावश्यक आहे हे ज्याला कळते आणि तरीही जो तो पत्करतो, तोच खेळाडू. सर्वांत वरच्या थरावर मात्र सर्वांत हलके शरीर लागते, म्हणजे बहुधा लहान मूल. त्याने हा अडथळा स्वीकारला, की तो त्याच्यासाठी इतरांनी स्वीकारला? अठरा की चौदा, हा वाद म्हणूनच वरवर कायद्याचा, मुळात व्याख्येचा आहे.

सरकारी आदेशाने ‘क्रीडा’ ठरते. ‘खेळ’ ठरतो तो खेळणाऱ्याच्या होकाराने. आणि तो होकार खालून मोजायचा नसतो, वरच्या थरावरून विचारायचा असतो.