लिंक्स, पुळण आणि गायरान

दिवाळीच्या आगेमागे आमच्या फलटण-माण भागातले धनगरांचे काही वाडे मेंढरांसह कोकणाच्या वाटेला लागतात. घाट उतरून भाताच्या कापलेल्या खाचरांत मेंढरे बसवायची, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचे, हा क्रम पिढ्यान्पिढ्यांचा आहे. या वाटा आणि त्यांवरची गायराने यांच्या नोंदी मी काही वर्षे गोळा करतो आहे. त्या शोधात गोल्फ कुठून आला, असे कोणी विचारील. मलाही तो अनपेक्षितच भेटला. स्कॉटलंडमधील मेंढपाळीविषयी वाचताना ‘लिंक्स’ हा शब्द आला. तोवर लिंक्स म्हणजे गोल्फचे मैदान, एवढेच मला ठाऊक होते. प्रत्यक्षात तो शब्द खेळाचा नाही, जमिनीचा आहे.

जुन्या इंग्रजीत ‘हलिंक’ म्हणजे उंचवटा, बांध. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्राची वाळू आणि आतली कसदार शेती यांच्यामध्ये जो उंचसखल, वाळूचा, आखूड गवताचा पट्टा असतो, त्याला लिंक्स म्हणत. नांगराला निरुपयोगी म्हणून ती जमीन कोणी कसली नाही, आणि कसली नाही म्हणून ती सगळ्यांची राहिली. तिथे मेंढ्या चरत, ससे बिळे करत, कोळी जाळी वाळवत, बाया धुतलेले कापड गवतावर पसरत, आणि उरलेल्या जागेत लोक काठीने चेंडू मारत. मेंढ्यांनी गवत आखूड ठेवले. वाऱ्यापासून अंग वाचवायला त्या ज्या खळग्यांत दडून बसत, त्यांचेच पुढे ‘बंकर’ झाले, असे गोल्फचे इतिहासकार सांगतात. हे मैदान कोणी आखलेले नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर लिंक्स म्हणजे समुद्राकाठचे गायरान.

हे गायरानपण केवळ रूढीवर उभे नव्हते, त्याला कागदाचाही आधार होता. सेंट अँड्र्यूज या गावात १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने लिंक्सवर ससे पाळण्याची परवानगी मिळवली. पण त्याच सनदेत गावकऱ्यांचे गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळांचे हक्क अबाधित राहतील असे मान्य करावे लागले. पुढे १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ही जमीन विकली आणि ती व्यापाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी तिथे सशांची शेती मांडली. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यातले भांडण वीस वर्षांहून अधिक काळ कोर्टात आणि मैदानात चालले. अखेर १८२१ मध्ये शेजारचा जमीनदार जेम्स चीप याने ती विकत घेऊन खेळ वाचवला, आणि १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली. आजही ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्याला छेदून सार्वजनिक रस्ता जातो. जगभरचे खेळाडू ज्या स्विल्कन पुलावर उभे राहून फोटो काढतात, तो दगडी पूल मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेता यावीत म्हणून बांधलेला होता, असे सांगतात.

साताऱ्याच्या वाचकाला इथे एक नाव आठवेल. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट आणि ‘मराठ्यांचा इतिहास’ १८२६ मध्ये प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील बान्फचा. तो गोल्फ खेळे, असे मला म्हणायचे नाही. सांगायचे एवढेच की, मुंबई इलाख्याच्या कारभारात आणि पलटणींत स्कॉट लोक मोठ्या संख्येने होते आणि आपल्या किनाऱ्याची सवय ते बरोबर घेऊन आले. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईचा क्लब १८४२ चा. पुढे त्याला ‘रॉयल बॉम्बे’ म्हणू लागले. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदाने ज्या मोकळ्या पट्ट्यातून उरली तिथे, त्याचा खेळ चाले. या क्लबने सेंट अँड्र्यूजला पाठवलेले चांदीचे पदक तिथल्या वसंत स्पर्धेत ‘बॉम्बे मेडल’ म्हणून आजही दिले जाते. मुंबईतला क्लब मात्र केव्हाच नामशेष झाला.

त्याच दशकातली आणखी एक कथा. तोवर गोल्फचा चेंडू कातड्यात पिसे ठासून शिवलेला असे. महाग, आणि भिजला की निकामी. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या मलायी झाडाच्या चिकाचा चेंडू आला आणि खेळ स्वस्त झाला. सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटर्सन या तरुणाला ही कल्पना सुचली ती पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती गुंडाळलेल्या गटापर्चावरून, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, चीक आपल्याकडचा नसला तरी देव आपला होता, याची गंमत वाटते.

पण मुंबईची खरी गोष्ट चेंडूत नाही, गवतात आहे. गोल्फ क्लब निघण्याच्या चारच वर्षे आधी, १८३८ मध्ये, सरकारने मोकळ्या मैदानावर गुरे चारण्यासाठी फी बसवली. गरीब गवळ्यांना ती परवडेना. तेव्हा जमशेटजी जीजीभाय यांनी स्वतःचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वारच्या समुद्रकाठची कुरणे विकत घेतली आणि गुरांना मोकळी केली. चर्नी रोडचे नाव त्या ‘चरणी’वरून पडले, असे सर्रास सांगितले जाते, दुसरीही एक व्युत्पत्ती आहे. सेंट अँड्र्यूजला चीप आणि मुंबईला जमशेटजी, सतरा वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच काम केले. फरक पुढे पडला. तिकडे जमीन कायद्याने गावाकडे परतली, इकडे कुरण गेले आणि स्टेशनचे नाव उरले.

एस्प्लनेडवरचा झगडाही तिथे थांबला नाही. १८८० च्या दशकात त्याच मैदानावर गोऱ्यांच्या पोलोचे घोडे धावत आणि देशी पोरांच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या उखडत. पारशी क्रिकेटपटूंनी अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तक लिहून हा लढा नोंदवून ठेवला. हिंदी आणि युरोपीय दोघांनाही सभासद करून घेणारा विलिंग्डन क्लब मुंबईत १९१८ मध्ये निघाला, तोही गव्हर्नरांच्या पुढाकाराने आणि सभासदांपुरताच. स्कॉटलंडात गावकीचा असलेला खेळ आपल्याकडे आला तो कुंपण घेऊनच.

मग कोकणच्या एवढ्या लांब किनाऱ्यावर लिंक्स का झाली नाही? जमीन नव्हती म्हणून नव्हे. वाळू आणि माड यांच्यामधल्या वालुकामय पट्ट्याला कोकणात ‘पुळण’ म्हणतात. तिथे मर्यादवेल पसरते, सुरूची बने उभी असतात, होड्या ओढून ठेवतात, जाळी आणि मासळी वाळत घालतात. सगळे लिंक्ससारखेच आहे, हवामान सोडून. स्कॉटलंडात वर्षभर थोडाथोडा पाऊस आणि थंडावा, म्हणून वाळूवरही आखूड, दाट गवत टिकते. कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. इंग्रजांना हे ठाऊक होते. हिंदुस्थानातल्या अनेक मैदानांवर त्यांनी ‘ग्रीन’ऐवजी वाळूत तेल कालवून ‘ब्राउन’ केले आणि तपकिरी जमिनीवर खेळले. हिरवळीचा हट्ट नंतरचा आहे.

आधुनिक समुद्रकाठची लिंक्स हा त्या हट्टाचाच भाग आहे. सेंट अँड्र्यूजपासून जवळच किंग्जबार्न्स येथे २००० मध्ये उघडलेले मैदान शेतजमिनीत प्रचंड माती हलवून असे घडवले आहे की, ते शेकडो वर्षांचे वाटावे. यंत्राने टेकड्या आणि खळगे करता येतात, ही एक कारागिरी आहे आणि ती मला मान्य आहे. पण चारशे वर्षांची वहिवाट यंत्राने करता येत नाही. आपल्याकडे हे रूप पोचेपर्यंत बाकी काहीच उरले नव्हते, फक्त चित्र आले.

ते पाहायला मी तेरेखोलला गेलो. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की गोव्याचा हा एवढासा तुकडा लागतो. जमिनीच्या वाटेने तो महाराष्ट्राला, रेडी-शिरोड्याला जोडलेला आहे. टोकावर सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला आहे, जो १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा लावला. पुढे तिथे हॉटेल झाले. किल्ल्यामागे जांभ्याचा सडा आणि त्यावर काजू. पुळण नव्हे, खडक. या गावच्या जमिनीवर अठरा होलांचे गोल्फ मैदान आणि रिसॉर्ट करण्याचा बेत आला, आणि २०१४-१५ च्या सुमारास गावकऱ्यांनी त्याला उघड विरोध केला. जमीन भाटकारांकडून विकत घेतली, असे एका बाजूचे म्हणणे. आम्ही कुळे आणि मुंडकार आहोत, जमीन आमच्या वहिवाटीची आहे, असे गावकऱ्यांचे. गोव्यात कुळांना जमीन देणारा कायदा १९६४ चा, त्यात कुळाला मालक ठरवणारी दुरुस्ती १९७६ ची. मुंडकारांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आणि कुळांची जमीन शेतीबाहेरच्या कामाला वापरू नये असे सांगणारा १९९१ चा. एवढे कायदे असूनही काजूच्या झाडाखाली लोकांना बसावे लागले.

रोजगार येईल, रस्ता होईल, असे म्हणणारेही अशा प्रत्येक ठिकाणी असतात आणि ते सगळेच खोटे बोलत नसतात. काजूच्या एका हंगामावर पोरांची शिक्षणे होत नाहीत, हे मलाही दिसते. पण सड्यावर उभे राहून मला सेंट अँड्र्यूजची सनद आठवत होती. तिथे आर्चबिशपलासुद्धा गावकऱ्यांचा हक्क आधी लिहून द्यावा लागला, मग ससे मिळाले. इथे आधी खरेदीखत झाले आणि हक्काची चौकशी नंतर. तेरेखोलच्या शेजारी शिरोडे आहे. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर तिथे मास्तर होते, आणि तिथेच १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्राकाठी जे निसर्गाने सर्वांना दिले त्यावर कोणाची मोहोर, हाच त्याही वेळचा प्रश्न होता.

गायरानाचे मी उगीच गोडवे गात नाही. ‘सर्वांचे’ म्हणताना गावाने कोणाला मोजले आणि कोणाला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांसाठी पडीक आणि गायरान जमिनींचा सत्याग्रह करावा लागला तो याचसाठी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी गायरानांबाबत निर्णय काढला. पण अतिक्रमण म्हटले की आधी झोपडी दिसते. कुंपण घातलेली हिरवळ सहसा दिसत नाही.

लहानपणी आम्ही गावाबाहेरच्या गायरानावर विटीदांडू खेळत असू. शेरडे एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. विटी गवतात हरवली की शेळ्यांना हाकलून शोधायची. गोल्फही मुळात याच्या फार पलीकडचा खेळ नव्हता. तो जगभर गेला आणि श्रीमंत झाला. विटीदांडू जागच्या जागी राहिला, आणि आता ती जागाही आक्रसली आहे.

मागच्या वर्षी कोकणात उतरणाऱ्या एका वाड्याबरोबर दोन मुक्काम मी चाललो. म्हाताऱ्या मेंढक्याला मी स्विल्कन पुलाची गोष्ट सांगितली. मेंढरांसाठी बांधलेला पूल आजही उभा आहे आणि जगभरची माणसे तो बघायला येतात, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मेंढरं अजून जात्यात का त्यावरनं?”

नाही, मी म्हणालो.

“मग पूल कशाला म्हणायचा,” म्हणाले, आणि कुत्र्याला हाक घालून पुढे झाले.